कडीवरची साय

सापाचे वर्ष, चौथा महिना, अमावास्येचा आदला दिवस
शूयी, दक्षिण काठ

दादा,

हे पत्र कुंगकाका तुझ्या हातात देतील. त्यांच्यासमोर फोडू नकोस. आत काय आहे ते काका विचारत नाहीत, आणि न विचारण्यावरच त्यांचा धंदा उभा आहे.

तुझा निरोप पोचला. 'सचौला गोदीत काम मिळाले, मी उत्तर काठावरच राहतो, बाबांना सांग.' मी बाबांना सांगितलेले नाही. नदीला पाणी जास्त आहे, एवढेच सांगितले.

तुझ्याबरोबर गेलेले नऊजण परत आले. दहांची जमानत म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. पाटीवर तूही अंगठा उठवला होतास. दहा डोकी गेली तर दहाच परत आली पाहिजेत. बाजार सांभाळणाऱ्या मेंग साहेबांच्या कारकुनाने घाटावर डोकी मोजली, मग पुन्हा मोजली, आणि नऊंनाही घरी न सोडता थेट मिठाच्या कोठारात नेले. तारण म्हणून मागे ठेवलेला अर्धा माल जप्त झाला. मालाचे जाऊ दे. तू आला नाहीस तर शरदात, शिक्षा अमलात आणायच्या दिवसांत, त्यांना हेरांचे साथीदार म्हणून उभे करणार आहेत. तसे ठरलेच आहे. कारकुनाने ते मला तांदळाचा भाव सांगावा तसे सांगितले.

त्या नऊंत काकांचा पाओ आहे.

पत्र न्याल का, हे विचारायला गेले तेव्हा काका खरबुजाच्या बिया फोडत बसले होते.

"नेईन की," ते म्हणाले. "पण भावाला शिव्या लिहिल्या असशील तर वजन वाढेल बघ. नावाडी कुरकुर करतो."

"काका, तुमचा पाओ कोठारात आहे."

"ठाऊक आहे गं. मीच जेवण नेतो त्याचं. म्हणतो, बाबा, इथे मीठ फुकट आहे, तुम्ही भाजी अळणी आणत जा."

मी हसले नाही. तेही हसत नव्हते.

बाजारातल्या दोन पडव्यांमधली भिंत आता आणखी उंच केली आहे. पूर्वी निदान उत्तरेच्या व्यापाऱ्यांचे खोकणे ऐकू यायचे. आता सगळा व्यवहार काकांच्या तोंडून. ते इकडचा माल तिकडे दाखवतात, तिकडचे बोलणे इकडे आणतात, आणि दोन्हीकडच्या शिव्या वाटेतच ठेवून येतात. दोन्ही काठांचे शिक्के असलेला परवाना आता फक्त त्यांच्याकडे उरला आहे.

पुढच्या होडीने ये. कारण लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

— यून

पाचवा महिना, होड्यांच्या शर्यतींनंतर

दादा,

तू आला नाहीस. काकांबरोबर नुसता निरोप आला की काम चांगले आहे, मुकादम मान देतो, आणि आलेल्या प्रत्येक बुधल्यावर तुझा शिक्का लागतो. 'ज्याचा शिक्का, तो पहिल्या होडीत' असा गोदीचा नियम आहे, हेही तू अभिमानाने कळवलेस. तेल वाईट निघाले तर तपासणाऱ्यानेच आधी बुडावे. नियम म्हणून तो चांगला आहे. आपल्याकडे असता तर बाबांच्या वेळचे निम्मे तपासनीस नीट काम करायला शिकले असते.

इथे उत्तरेची मागणी बदलली आहे. चहा कमी झाला. आले आणि संत्र्यांची साल कोणी विचारत नाही. फक्त तुंगाच्या बियांचे तेल. मागच्या खेपेहून दुप्पट, आणि लगेच पुन्हा तेवढेच. काका भिंतीपलीकडून येऊन म्हणाले, "छत्र्यांना लावायला हवंय म्हणे."

मी म्हटले, "एवढ्या छत्र्या उघडायला उत्तरेत आभाळ पुरणार नाही."

"मी फक्त सांगतो, पोरी. मानायचं की नाही ते माझं काम नाही."

दुपारी मेंग साहेबांनी बोलावले. ते चहा फेसत होते. मला बसायला सांगितले नाही.

"तू बापाच्या नावच्या पाटीवर तेल तपासायचं काम करतेस," ते म्हणाले. "मला हे माहीत आहे, आणि माहीत नाही. कळलं?"

"होय, साहेब."

"या तेलाचं काय करतायत ते?"

"छत्र्या, असं ते म्हणतात."

"आणि तू काय म्हणतेस?"

"होडीच्या फळ्यांच्या सांध्यात ताग आणि चुना ठोकायचा, तर त्यात हेच तेल लागतं. दुसऱ्या कुठल्या कामाला इतकं लागत नाही."

त्यांनी चहाचा फेस मोडू दिला. "राजधानीला कळवलं. एकदा नाही, अनेकदा. उत्तर आलं की तह शाबूत आहे, सीमेवरच्या लोकांनी सावल्या बघून ओरडू नये. विक्री बंद केली तर तीच त्यांना सबब मिळेल. म्हणजे विकायचंच."

"मग विकू."

"विकायचंच," ते पुन्हा म्हणाले, आणि पुढे आणखी एक वाक्य बोलले. ते मी इथे लिहीत नाही. उत्तर द्यायला मी मुदत मागितली.

या खेपेचे तेल शुद्ध आहे. प्रत्येक बुधल्यात बांबूच्या कामटीची कडी मी स्वतः बुडवली. कडीत तेलाची साय ढोलकीच्या कातड्यासारखी ताणून बसली, एकाही कडीवर फाटली नाही. बेधडक शिक्का मार.

आणि मग ये.

— यून

सहावा महिना, उष्णतेचे दिवस

दादा,

बाबा आजारी आहेत. ताप उतरत नाही. थिंग, थिंग म्हणून तुझे नाव घेतात.

तुझे पत्र मिळाले. म्हणजे मला एक वहिनी आहे. नाव श्याओमान, गोदीतल्या सुताराची मुलगी, आणि दिवस गेलेले आहेत. अभिनंदन. कोठारातल्या नऊ माणसांना सांगू का? एवढी चांगली बातमी त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालेली नाही.

तू लिहितोस की आईची कबर उत्तर काठावर आहे, आपले घर तिकडे होते, आणि बाबांनी एका रात्रीत नदी ओलांडली म्हणून आपण दक्षिणेचे झालो. तुला कोणी विचारले नव्हते. खरे आहे. मलाही विचारले नव्हते. मी टोपलीत होते.

मला तुझ्याशी वाद घालायचा नाही. तुला इकडे आणायचे आहे. त्यासाठी काकांनी एक वाट काढली आहे.

परवाच्या होडीतून उतरले ते थेट माझ्याकडे आले. चेहरा उतरला होता. पाणी प्यायले आणि म्हणाले, "तिकडे आता तेल पुरत नाही गं. लोक सांगतात, वर उत्तरेच्या मोठ्या गोदीत मेलेल्या मजुरांची चरबी कढवून फळ्यांना लावतात."

मी म्हटले, "चरबी वाळत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तू लहानपणापासून अशीच आहेस, की हे तेलानं केलं?"

मला खरोखर तेच आधी सुचले होते, की चरबी वाळत नाही, त्या होड्या गळतील, म्हणून चांगले तेल त्यांना आणखी जास्त लागेल. मजूर नंतर सुचले.

मग काकांनी सांगितले ते असे. घाटावर चेहरे कोणी बघत नाही, डोकी मोजतात. होडीतून जितके गेले तितके आले की कारकून वाट अडवणारी फळी उचलतो. "पुढच्या खेपेला मी तिकडे उतरतो आणि तिकडेच राहतो," ते म्हणाले. "माझ्या टोपीत तुझा भाऊ इकडे येईल. डोकी जुळली. दहावा माणूस हजर झाला की पाओ सुटला."

"आणि तुम्ही?"

"मला तिकडे सगळे ओळखतात. चाळीस वर्षं त्यांचं मीठ खाल्लंय."

"म्हणूनच विचारते."

"तू तेलाचं बघ," ते म्हणाले. "माणसांचं मी बघतो."

तेव्हा पुढच्या खेपेला ये. त्याच खेपेला. त्यानंतरच्या नाही. वहिनीला मागून आणता येईल. याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि मी काही लिहिताना कधी अडत नाही हे तुला ठाऊक आहे.

— यून

सातवा महिना, कृष्ण पक्ष

दादा,

बाबा आजारी नाहीत. कधीच नव्हते. काल त्यांनी दोन वाट्या मासळीचा रस्सा खाल्ला आणि त्यात आले कमी पडले म्हणून माझ्याशी भांडले.

तू कळवलेस, श्याओमानला या अवस्थेत टाकून येणार नाही. ठीक आहे. तेव्हा आता मेंग साहेबांचे ते वाक्य लिहिते. "तेल विकायचंच," ते म्हणाले होते, "पण ते शुद्धच असावं असं तहात कुठे लिहिलंय?" भेसळीचे तेल उत्तरेने शिक्का मारून स्वीकारले, की नऊ माणसे सुटतील. मी नकार दिला, किंवा तेल परत आले, तर शरद लांब नाही. असा सौदा आहे. साहेबांनी तो पाटीवर लिहिला नाही, आणि मीही मागितला नाही.

मी सहावा महिनाभर मिश्रण करत होते. सरळ भेसळ कडीवर टिकत नाही, साय धरतच नाही. ते कोणताही शिकाऊ ओळखेल. पण तुंगाचे तेल नेहमीपेक्षा जास्त कढवले की घट्ट होते, आणि घट्ट तेलात मोहरीचे तेल लपते. थंड कडीवर साय बसते, ताणते, चमकते. गोदीतला कोणीही तपासनीस त्यावर शिक्का मारील. पण तीच कडी गरम चहाच्या वाटीवर धरली, की वाफ लागताच साय मधोमध फाटते. चहाच्या वाफेची परीक्षा बाबांची. ती फक्त आपल्या घरात करतात. तू करतोस, आणि मी.

हे तेल सांध्यात घातले तर आठवडाभर वाळल्यासारखे दिसते. आत ओलेच राहते. उभ्या होडीत काही कळणार नाही. माणसे, घोडे आणि प्रवाहाचा ताण आला की ताग सांध्यातून निघेल.

घरी कोणाला काही सांगितलेले नाही. पण परवा बाबांना वाढत होते, तेव्हा त्यांनी माझा हात धरून नाकाशी नेला. डोळे गेल्यापासून ते नाकानेच बघतात.

"मोहरी कुठून आली?" त्यांनी विचारले.

मी दुसऱ्या हाताने भात वाढला. त्यांनी हात सोडला, पुन्हा जेवू लागले. मग म्हणाले, "थिंगच्या नाकालाही कळेल."

काकांनीही विचारले. बुधले होडीत चढत होते. ते माझ्याशेजारी उभे राहिले, नदीकडे तोंड करून.

"पोरी, तेल बरं आहे ना?"

"माझा शिक्का आहे, काका."

"शिक्का दिसतोय मला. मी तेलाचं विचारलं."

मी पुढच्या बुधल्याची दोरी तपासली. ते चाळीस वर्षे हा माल चांगला आहे म्हणून शपथ घेत आले, आणि दोन्ही काठांनी ती मानली. हे तेल उत्तरेच्या पडवीत त्यांच्याच तोंडून शुद्ध ठरायचे होते.

"बरं," ते म्हणाले. "मी काही विचारलं नव्हतं असं समज." मग होडीत चढले, आणि नेहमीसारखे नावाड्याला बोलले नाहीत.

तर आता तुझ्यापुढे असे आहे. तू शिक्का नाकारलास, तर काकांना तिथेच धरतील, इथे नऊजण जातील, मी जाईन. मारलास, तर पहिल्या होडीत तू असशील. मध्ये कुठली वाट असेल तर ती मला सापडलेली नाही, आणि मी शोधली आहे. काका अजूनही तुझ्या जागी राहायला तयार आहेत. श्याओमानला सोडून यायचे नसेल तर तेही तुझे तू ठरव.

होडी सुटायच्या आत हे पत्र काकांच्या हाती देते; तेल आणि ते एकाच होडीतून येत आहेत. आधी काय उघडायचे तेही.

— यून

आठवा महिना, पौर्णिमा

दादा,

होडी परत आली. कारकुनाने डोकी मोजली, जुळली, फळी उचलली. काकांच्या टोपीखाली, काकांच्या अंगरख्यात, पोट दोन्ही हातांनी धरून श्याओमान उतरली.

मी घाटावर तुझी वाट बघत होते. तिला पाहून मला राग आला, हे लिहून ठेवते. मग तिला भोवळ आली, आणि मी तिला धरले.

आता ती आपल्याकडे आहे. बाबांच्या खोलीत झोपते, कारण तिथे वारा लागत नाही. बाबा तिला सचौच्या गल्ल्या विचारतात. कुठली विहीर आहे, कुठली बुजली. ती तुझ्यासारखीच पटकन चिडते. काल मला म्हणाली, "तुम्ही भात शिजवता की मोजता?" मी म्हटले, दोन्ही. त्यावर ती पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

त्या दिवशीचे तिने सांगितले. तू आधी पत्र उघडलेस. वाचून जाळलेस. मग गोदीत गेलास आणि पहिल्या बुधल्यात कडी बुडवलीस. गुओ मुकादम चहाची वाटी घेऊन शेजारीच उभा होता.

"काय रे दक्षिणेच्या," तो म्हणाला, "तुमच्या लोकांनी पाणी तर नाही ना घातलं?"

"तेलात पाणी घालतात होय, मुकादम?" तू म्हणालास. "तुम्ही सुतारकाम तरी नीट शिकलात का?"

सगळे हसले. तू मुकादमाच्या हातातली वाटी मागितलीस. ती म्हणते, तुला चहा प्यायचा असेल असे सगळ्यांना वाटले. तू वाटी घेतलीस, प्यायलास, रिकामी करून परत दिलीस, आणि शिक्का मारायला बसलास. संध्याकाळपर्यंत मारत होतास. घरी येऊन तिला काकांचा अंगरखा दिलास.

का, ते तिने सांगितले नाही. मी विचारले नाही.

काका तुझ्या खोलीत राहतात असे ती म्हणाली. होडी तिकडे थांबली होती तेव्हा दोन दिवस त्यांनी पडवीत काम केले, लोकांशी थट्टा केली. तिसऱ्या दिवशी उत्तरेने त्यांचा परवाना मागून घेतला आणि परत दिला नाही. त्यापुढचे तिला माहीत नाही. तुला माहीत असेल. पाओला मी काय सांगू, ते कळव. कळवता आले तर.

पाओ सुटला आहे. नऊच्या नऊजणांना सोडले. मेंग साहेबांनी शब्द पाळला, पण दहाव्या माणसाचे काहीतरी करणे भाग होते. तेव्हा तुझ्या नावापुढे 'नदीत बुडून मृत' अशी नोंद झाली. मी ती वाचली. शाई चांगल्या प्रतीची होती.

बाजार काल बंद केला. पडव्या रिकाम्या आहेत. उत्तर काठावर दिवसभर धूळ उठते आणि वारा तिकडचा असला की घोड्यांचा वास येतो. इथले श्रीमंत लोक दक्षिणेकडे निघाले. मेंग साहेबांची बायकापोरे परवाच गेली; ते स्वतः सांगतात की तह शाबूत आहे. उत्तरेच्या व्यापाऱ्यांना घेऊन जाणारी शेवटची होडी दुपारी सुटेल. तिचा नावाडी तुझे जोडे-मोजे न्यायला तयार आहे. श्याओमानने मोज्यांत कापडाचा दुहेरी तळवा शिवला. हे पत्र त्यात आहे.

आता नीट वाच.

तुझ्या गोदीच्या होड्या सपाट तळाच्या आहेत, असे ती सांगते. घोडे पुढे चढवतील, म्हणून भार नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाकडे जाईल. पहिले पाणी तळाच्या मधल्या फळीतून येईल, नाळेपासून तिसऱ्या आडव्या पाटाजवळ. तू तिथे बसू नकोस. मागे बस, वल्ह्याजवळ, डाव्या अंगाला. प्रवाह उजवीकडून लागतो, होडी त्या बाजूला कलेल. काठ सोडल्यावर काही होणार नाही. नदीच्या मध्यावर, वाळूच्या बेटाच्या अलीकडे, ताण सगळ्यात जास्त. पायाला पाणी लागले की लगेच उडी मारू नकोस. घोडे उधळतील, ते आधी पडू देत. ओरडू नकोस. तू आधी ओरडलास तर त्यांना कळेल की तुला ठाऊक होते.

चिलखत देतील. बंद बांधू नकोस, नुसते अडकव. मोजे घालू नकोस, जोडे आधीच सैल कर. मोकळा बुधला मिळाला तर तोंड मेणाने बंद करून जवळ ठेव. तपासनिसाजवळ बुधला असला तर कोणी विचारत नाही. पाण्यात पडल्यावर काठाच्या दिशेने पोहू नकोस. प्रवाहाबरोबर जा. बेटाच्या शेपटीला पाणी मंदावते, वेत दाट आहेत, आपल्या धनुर्धरांना तिथून काही दिसत नाही.

ते कुठल्या दिवशी निघतील ते मला माहीत नाही. म्हणून आजपासून मी रोज त्या वेतात होडी घेऊन थांबणार आहे. पाओ वल्हे मारील. त्याने स्वतःहून सांगितले. होडी लहान आहे. तिचे सांधे मी स्वतः भरले, शुद्ध तेलाने.

कागदावर तू बुडालेला आहेस. तेवढे पुरे.

— यून